छत्र्यांचा फ्रॉक

आमच्या बाहुल्यांना चेहरा नसायचा. जी बाहुली करेल तिने तोंड कोरं ठेवायचं, असा नियम होता. अंगठ्याएवढी कापडी बाहुली, पोटात कापूस, पाठीला सेफ्टी पिन. ती खांद्यावर पदराला लावायची. महिन्यातून एकदा देवपूरला माझ्या घरी पाच-सात बायका जमायच्या. सगळ्या बाहुल्या माझ्या पोळ्यांच्या डब्यात टाकायच्या, वर रुमाल झाकायचा आणि एकेकीने न बघता हात घालून एक उचलायची. हाती येईल त्या बाहुलीला घरी नेऊन नाक-डोळे भरायचे, महिनाभर तिला खांद्यावर मिरवायचं आणि पुढच्या वेळी करणारीला परत द्यायची. आपण कोरी पाठवलेली बाहुली दुसरीच्या हातचा चेहरा घेऊन घरी यायची. लग्न करून दिलेली पोर माहेरी येते तशी, असं म्हणून आम्ही हसायचो.

हा नियम आपांमुळे पडला. आपा पांझरा नदीपलीकडच्या जुन्या धुळ्यातल्या. त्यांच्या घरी कापूस पिंजायचा धंदा होता, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या बाहुल्यांच्या पोटात त्यांचाच कापूस. त्यांच्या सासूबाईंना बाहुलीला चेहरा काढलेला चालत नसे. आपल्याला जीव घालता येत नाही तर आपल्या हाताने तोंड कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आपा कोरी बाहुली आणायच्या आणि जिच्या हाती लागेल ती तिला चेहरा भरायची. ते इतकं मजेचं वाटलं की आम्ही सगळ्याच तसं करायला लागलो. आपांच्या हाती आलेली बाहुली मात्र तशीच कोरी परत जायची. त्यावर कोणी चकार शब्द काढायचं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. वर्गातल्या चिंध्या फेकवत नाहीत म्हणून हा उद्योग मी सुरू केला होता. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. टाका वाकडा दिसला की मी उसवायला लावायची, मग समोर विद्यार्थिनी असो की शेजारीण. बायका मागून मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटायचं नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायची. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना माझं डोकं ठिकाणावर होतं की नाही अशी शंका नको.

अक्का आमच्यात आल्या त्या आमच्या गल्लीत राहायला आल्यावर. मूळच्या सावद्याकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. नवरा गेल्यावर शेत भावाच्या हवाली केलं आणि भाचा इथे नोकरीला होता, त्याच्या जेवणाखाण्याचं बघायला देवपूरला आल्या. उंच, हाडापेराच्या, नऊवारी नेसणाऱ्या. एका दुपारी माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात एक कापडी पिशवी.

"बाई, मले येऊ देता का तुमच्यात? मले सुई धरता येते."

मी म्हटलं, या की, चहा प्या, करून तर दाखवा. पिशवीतून त्यांनी काढला तो एका लहान मुलीचा फ्रॉक. पिवळा, त्यावर बारीक लाल छत्र्या छापलेल्या. धुऊन धुऊन मऊ पडलेला, पण जपून घडी केलेला. आणि माझ्याच कात्रीने, माझ्या डोळ्यांसमोर, त्यांनी त्याच्या घेराचा एक तुकडा कापला. चांगला फ्रॉक कापायला माझा हात धजला नसता.

"कोणाचा आहे हो?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक पोरगी, सात-आठ वर्षांची असताना तापाने गेली. त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. नवऱ्याने दुःखाच्या भरात तिची एकूण एक वस्तू तापीत सोडून दिली. पाटी, कपडे, बांगड्या, घरात होता तो एकुलता एक फोटोही. हा फ्रॉक तेवढा त्या वेळी उसवलेल्या बाहीपायी शिंप्याकडे पडला होता, म्हणून वाचला.

"मले तिचं सगळं आठवते," अक्का म्हणाल्या. "चाल आठवते, आवाज आठवते. तोंड तेवढं गेलं. डोळे मिटते, पाहते, तर नुसता फ्राक दिसते. वरती काही नही."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. आमच्यातल्या कोणाकडून तरी त्यांना हा चेहरा-भरायचा खेळ कळला होता. पोरीच्या फ्रॉकची बाहुली करावी, चार बायकांच्या हातांतून फिरवावी, आणि कधी ना कधी कोणाच्या तरी सुईतून ते तोंड परत यावं, एवढीच त्यांची आशा. फ्रॉक संपायच्या आत यावं, बस. बाकीच्या बायकांना यातलं काही सांगू नका, म्हणाल्या. सांगितलं तर त्या मुद्दाम आपल्या मनाचं काहीतरी काढतील.

मला वाटलं, बाईचं दुःख आहे, करू दे बिचारीला. आपल्या बापाचं काय जातं.

पहिली बाहुली नेमकी माझ्याच हाती आली. पांढऱ्या मांजरपाटाचं तोंड, काळ्या लोकरीच्या दोन वेण्या, अंगात पिवळा फ्रॉक. मी शाळेतून आल्यावर ओट्याजवळ बसून चेहरा भरायला घेतला. उजवा डोळा झाला, डाव्याला दोरा कमी पडला, तो डोळा बारीक झाला. उसवायला गेले तर कापड विरायला लागलं, म्हणून राहू दिला. ओठ भरून दोरा खाली ओढताना हनुवटीजवळ गुंता झाला आणि तिथे एक बारकीशी गाठ बसली. तीही निघेना. माझ्या आयुष्यात इतकं भोंगळ काम मी केलं नव्हतं. चरफडत महिनाभर ती खांद्यावर लावली. आणि खरं सांगते, ती लावली की तो खांदा मला जरासा जड वाटायचा. पदर त्या बाजूला ओढल्यासारखा. वर्गातली एक चिमुरडी एकदा म्हणाली, "बाई, ती तुमच्या तोंडाकडे बघते." मी तिला गप बसवली.

पुढच्या भेटीत मी बाहुली परत केली तेव्हा मला लाज वाटत होती. म्हटलं, अक्का, माफ करा, डोळा बिघडला. अक्कांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"डावा डोळा बारीक व्हता तिचा," त्या हळूच म्हणाल्या. "आन् हनुवटीले तीळ व्हता. व्हता बरं. मीच इसरली व्हती."

मी मनात म्हटलं, झालं. आता ही बाई माझी चूक पोरीच्या माथी मारणार. पण त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते बघून मला दोऱ्याची गोष्ट सांगवेना.

दुसरी बाहुली गेली ती पिंपळनेरकडच्या एका नर्सबाईकडे. ती धुळ्याला बदलून आली होती, हात सुरेख, डोळे काढण्यात तिचा हातखंडा. तिच्या बाहुल्या नटीसारख्या दिसायच्या. महिन्याने तिने खांद्यावरून बाहुली काढून अक्कांच्या हातात दिली आणि मी बघितलं तर डावा डोळा बारीक. हनुवटीवर काळ्या दोऱ्याची गाठ.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, तू माझी बघून केलीस ना? महिनाभर तू माझ्या खांद्यावर बघतच होतीस.

"व्हई तसं," ती म्हणाली. "पन मी मुद्दाम काही करं नई, बाई. सुईच तठे गयी." आणि हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

बघून केली असणार, असं मी स्वतःला समजावलं. नजरेत बसलेलं हातातून उतरतं, हे मी पोरींना शिकवताना रोज बघते. एकीने फुलाची पाकळी वाकडी काढली की अख्ख्या बाकाची पाकळी वाकडी. त्यात नवल ते काय.

पुढच्या वेळी पिवळी बाहुली आपांच्या हाती लागली, तेव्हा मला उलट बरं वाटलं. ती कोरीच परत येणार. अक्कांचा चेहरा पडला, ते मात्र मी पाहिलं. घेराचा एक तुकडा वाया गेला, असं त्यांच्या मनात आलं असणार. कापड जीर्ण, कापताना बरंच विरून जायचं; घेर आता निम्म्यावर आला होता.

जमायच्या दिवसाआधी एक दिवस आपा भर दुपारी एकट्याच माझ्याकडे आल्या. मे महिना होता, पांझरेत पाण्याचा थेंब नव्हता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. एवढ्या उन्हात पूल ओलांडून चालत आलेल्या. पाणी दिलं तर भांडं हातातच धरून बसल्या. मग ओढणीच्या गाठीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने केलं. का केलं ते मला विचारू नका. सासूबाईंना कळू देऊ नका, बस."

पुडीत अक्कांची बाहुली होती. तिला दोन डोळे होते. डावा बारीक. हनुवटीवर गाठ. आयुष्यात कधी चेहरा न भरलेल्या बाईचे टाके होते ते, कच्चे, भीत भीत घातलेले, पण जिथल्या तिथे.

आपा सांगत होत्या, "दुपारी कापूस निवडत बसले होते. ही समोर फळीवर होती. असं वाटायचं, काही मागतेय. तान्हं मूल बघतं ना, तोंड वळवून, तसं. मी उठून गेले, परत आले, तरी तेच. शेवटी म्हटलं, घे बाई, आणि सुई घेतली. मग सुटल्यासारखं वाटलं." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला भीती वाटत होती, हे मी आज कबूल करते. भर दुपारी, स्वतःच्या घरात, बोटभर चिंधीची भीती.

तरीही माझ्यातली मास्तरीण गप बसेना. आपांनीही आधीच्या दोन पाहिल्याच होत्या की. म्हणून मी ठरवलं, एकदा सोक्षमोक्ष लावायचा. जळगावला माझी थोरली बहीण राहायची. तिनेही तिकडे आपल्या मैत्रिणींत हा खेळ लावला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी जायची तेव्हा इकडच्या थोड्या बाहुल्या तिकडे न्यायची आणि तिकडच्या इकडे आणायची. त्या वर्षी मी अक्कांची एक कोरी बाहुली मागून घेतली आणि ताईच्या हातात ठेवली. तिला अवाक्षर सांगितलं नाही. अक्कांना तिने कधी पाहिलेलं नव्हतं, आमच्यातल्या कोणालाच नाही, आणि आधीच्या पिवळ्या बाहुल्याही तिच्या नजरेस पडल्या नव्हत्या. ताई माझ्याहून फटकळ आणि माझ्याहून कोरडी. तिच्या डोक्यात असलं काही शिरणं शक्य नव्हतं.

संक्रांतीला ती धुळ्याला आली. तिळगूळ देऊन झाला, शेवभाजीचा बेत झाला, आणि मग पर्समधून तिने बाहुली काढून माझ्यापुढे टाकली. "घे तुझी पोरगी. सारखी पिन सुटायची मेलीची."

मी उचलून बघितली.

"ताई, हा डावा डोळा असा का केलास?"

"असा म्हणजे?"

"बारीक."

"तशीच होती ती," ताई म्हणाली.

"कोण?"

ताईने बाहुली माझ्या हातातून घेतली, पिन उघडली, परत लावली. "कोण म्हणजे? बाहुली," ती शेवटी म्हणाली आणि उठून ताटं उचलायला लागली. त्यानंतर तिने जळगावचा तो खेळ बंद केला. कारण विचारलं की म्हणायची, डोळे दुखतात.

आता अक्कांचं सांगते. त्या बदलत चालल्या होत्या, आणि बघणाऱ्याला वाटावं, चांगल्याच बदलत होत्या. आल्या तेव्हा दोन शब्द बोलायची मारामार. आता बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. परत आलेल्या सगळ्या पिवळ्या बाहुल्या त्यांनी स्वयंपाकघरात एका दोरीवर ओळीने लावल्या होत्या. मी एकदा त्यांच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला गेले, तर पाटावर बसल्यापासून नजर त्या दोरीवरून हलेना. इतक्या वेगवेगळ्या हातांचे टाके, कोणाचा दोरा काळा, कोणाचा तपकिरी, आणि चेहरा एकच. सगळ्या जणी त्या बारीक डाव्या डोळ्याने माझ्या ताटाकडे बघत होत्या. अक्का मात्र त्यांच्याशी बोलत बोलत भाकरी थापत होत्या.

"तुमले सांगते बाई, लई लाजायची त्या डोळ्यापायी. कोनी पावना आला का असा हात धरायची डोळ्यावर." त्यांनी पिठाचा हात स्वतःच्या डाव्या डोळ्यावर धरून दाखवला. "आन् सासू मही म्हने, हनुवटीवर तीळ हाये, पोरगी लांब जाईन. गेली बी लांब."

पहिल्या दिवशी ज्या बाईला तोंडाची एक रेघ आठवत नव्हती, तिला आता डोळ्यावरचा हात आठवत होता, सासूचं बोलणं आठवत होतं. खरंच आठवत असेल का? असेलही. एका दुव्याला धरून साखळी येते. पण तो पहिला दुवा माझ्या दोऱ्याचा होता, आणि दोरा कमी पडला होता, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग त्या बाकीच्या बायकांचं काय? ताईचं काय? मी भाकरीवर तेल-ठेचा वाढून घेतला.

फ्रॉकचा घेर संपला. मग पाठ गेली, मग बाह्या. शेवटी कॉलरची बाहुली झाली, तिला छत्री एकच आली, पोटावर. ती कोणाच्या हाती गेली ते आता आठवत नाही. परत आली ती त्याच चेहऱ्याने. अक्कांनी ती खांद्यावर लावली आणि मला म्हणाल्या, "फ्राक सरला, बाई. पन आता काम नही त्याचं. आता डोळे मिटले का ती उभी राह्यते. सगळी. तोंडासकट."

इतकं सुख मी कोणाच्या तोंडावर क्वचितच पाहिलं असेल. त्या रात्री मला बरी झोप लागली. म्हटलं, जाऊ दे, बाईला तिची पोर मिळाली. कशी मिळाली ते विचारणारी मी कोण.

हे इथे संपलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, आमच्या जमायच्या दिवशीच, अक्कांचे भाऊ सावद्याहून आले. मुलाकडे, म्हणजे अक्कांच्या भाच्याकडे, उतरले होते. अक्का माझ्याकडे आहेत म्हटल्यावर इकडे आले. हातात केळीचा घड आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. बायका आत डब्याभोवती होत्या. भाऊंनी मला ओट्यावरच थांबवलं.

"बाई, तुम्हीच दाखवा अक्काले. माह्यानं होनार नही."

त्यांच्या घरी देवाच्या तसबिरीची काच फुटली होती. चौकट उघडली तर मागे पुठ्ठा म्हणून एक जुना फोटो घातलेला निघाला. भाऊंच्याच लग्नातला, काळा-पांढरा, घरच्या माणसांचा. मागच्या रांगेत फेटे, पुढे बायका, आणि सगळ्यांच्या पुढे सतरंजीवर बसलेली पोरं. भाऊंनी बोट एका पोरीवर ठेवलं.

तिच्या अंगात छत्र्यांचा फ्रॉक होता. रंग नव्हता, पण छत्र्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ आल्या होत्या. पोरगी हसत होती, पुढचा एक दात पडलेला. डोळे टपोरे, दोन्ही अगदी सारखे. हनुवटी कोरी.

"हीच का?" मी विचारलं.

"हीच की. त्या दिवशी माह्याच कडेवर व्हती ती. खाली उतरेच ना."

"हिच्या हनुवटीवर तीळ होता ना?"

"तीळ?" भाऊ म्हणाले. "नही बा. तिच्या तोंडावर डाग म्हून नव्हता."

मी फोटो घेऊन आत गेले. द्यावा की परत न्यावा, एवढाच विचार डोक्यात. पण तो फोटो त्यांचा होता. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी ती बाई झुरली ते माझ्या हातात होतं. मी अक्कांसमोर बसले आणि म्हटलं, "अक्का, भाऊ आलेत. हे बघा, काय सापडलं."

अक्कांनी फोटो मांडीवर घेतला, चष्मा लावला. मोठ्या माणसांवरून बोट फिरवत त्यांनी एकेकाला ओळखलं. हा मामा, ही काकू, ही मी, पाहा कशी काडी व्हती. मग बोट सतरंजीवर आलं आणि त्या पोरीवर थांबलं. त्यांनी फोटो जवळ घेतला. लांब धरला. पुन्हा जवळ घेतला.

"फ्राक तिचाच हाये," अक्का म्हणाल्या. "पन यात ही पोरगी कोन हाये?"

भाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "अक्का, आपलीच हाये ना ती. नीट पाह्य."

अक्कांनी नीट पाहिलं. मग हसल्या, एखाद्या खुळ्याला समजावतात तशा. "नही रे भाऊ. तुले कुठून आठवन राह्यनार. ही पाह्य, ही हाये मही." आणि खांद्यावरची बाहुली काढून त्यांनी भावाच्या हातात दिली.

भाऊंनी ती तळहातावर घेतली. त्या बारीक डाव्या डोळ्याकडे बघत ते उभे राहिले. मग माझ्याकडे बघून इतक्या हळू म्हणाले की मला एकटीलाच ऐकू गेलं, "बाई, ही कोनाची पोर हाये?"

मी बाहुली त्यांच्या हातून घेऊन अक्कांना परत दिली.

अक्कांनी फोटो मला परत दिला. म्हणाल्या, कोनाची असंन त्याले पोचवून द्या, त्याची माय शोधत असंन. तो परत न्यायला भाऊंचा हात पुढे होईना, म्हणून तो माझ्याकडे राहिला. त्या दिवसानंतर आम्ही डबा काढला नाही. तसं कोणी ठरवलं नाही, पण पुढच्या महिन्यात कोणी आलंच नाही आणि मीही कोणाला बोलावलं नाही. आपा रस्त्यात भेटल्या की माझ्या खांद्याकडे बघायच्या आणि तिथे काही नाही म्हटल्यावर बोलायच्या.

अक्का त्यानंतर सावद्याला भावाकडे परतल्या आणि काही वर्षांनी तिथेच गेल्या. सुखाने गेल्या, असं भाचा म्हणाला. शेवटपर्यंत पोरीशी गप्पा चालल्या होत्या. त्यांच्या पदराला सगळ्या बाहुल्या लावूनच त्यांना नेलं. भाऊही आता नाहीत.

फोटो माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. त्या पोरीला मी कधी पाहिलं नाही, तिचा आवाज ऐकला नाही, आणि आज जगात तिला तोंडावरून ओळखणारी मी एकटी आहे. फार वाईट वाटतं मला तिचं. म्हणून अधूनमधून खण उघडून मी तिच्याकडे बघते, दोन सारखे डोळे, पडका दात, कोरी हनुवटी, आणि पाठ केल्यासारखं मनात म्हणते. मग खण लावते, डोळे मिटते, आणि दर वेळी डावा डोळा बारीक होतो.